डबल नेक गिटारमधील न छेडलेल्या तारा

मिरजेत बनणाऱ्या सतारीला वाजवायच्या तारांखाली साधारण अकरा ते तेरा तरफेच्या तारा असतात. त्यांना एरवी नखी लागत नाही; वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपणहून बोलू लागतात. याच गुणाला भौतिकशास्त्रात अनुस्पंदन म्हणतात, आणि एकाच लाकडावर दोन गिटारी बसवलेल्या डबल नेक इलेक्ट्रिक गिटारमध्येही ते घडते. मात्र तिथे ते कोणी मुद्दाम योजलेले नसते, आणि वादकाला ते कधी हवे असते, तर कधी नकोसे होते.

गिब्सन कंपनीने 1958 मध्ये आणलेल्या ईडीएस-1275 या गिटारला वरच्या नेकवर, म्हणजे तारा ताणलेल्या दांडीवर, बारा आणि खालच्या नेकवर सहा तारा असतात. गाणे चालू असताना वाद्य बदलावे लागू नये, हा त्यामागचा व्यवहार. लेड झेपलिन या रॉक बँडचे गिटारवादक जिमी पेज यांनी ही गिटार रंगमंचावर जगभर गाजवली. बारा तारा सहा जोड्यांत असतात. खर्जाकडील चार जोड्यांत एक तार सप्तकभर वर मिळवतात, तर उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात असतात. त्या तंतोतंत जुळत नाहीत, आणि एक 330 हर्ट्झला व दुसरी 331 हर्ट्झला कंप पावत असेल तर आवाज सेकंदाला एकदा चढतो-उतरतो. बारा तारांच्या नादातील झगमग बरीचशी यातून येते.

आता खालच्या नेकवरील 110 हर्ट्झची मोकळी तार छेडली, असे समजू. तिच्यातून 220, 330, 440 हर्ट्झचे उपस्वर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले सूरही निघतात. वरच्या नेकवरील सर्वांत बारीक तारांची वारंवारता 329.6 हर्ट्झ असते, म्हणजे 330 हर्ट्झच्या उपस्वराच्या अगदी लगतची. घोडी आणि लाकूड यांच्यामार्फत पोचलेले कंपन या तारांना हलवते. बारावीच्या प्रयोगशाळेत सोनोमीटरच्या तारेवर कागदाचा दुमडलेला कपटा ठेवतात, तसा तो इथे ठेवला तर थरथरताना दिसू शकतो.

पण थरथरणे वेगळे आणि स्पीकरमधून ऐकू येणे वेगळे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवल्याप्रमाणे वेटोळीत विद्युतदाब निर्माण होतो. (पितळी तार या पिकअपला जवळजवळ जाणवतच नाही.) नेक निवडण्याच्या स्विचला वरचा, खालचा आणि दोन्ही अशा तीन जागा असतात. एकच नेक चालू असेल तर दुसऱ्याच्या तारा हलतात, पण त्यांचा विद्युतसंकेत पुढे जात नाही. दोन्ही चालू असतील तर वाजवलेल्या सुराभोवती न छेडलेल्या तारांची आस, म्हणजे मागे उरणारा नाद, रेंगाळते. संथ वादनात ती फार सुरेख वाटते. आवाज मुद्दाम फाडून (डिस्टॉर्शन लावून) वाजवताना मात्र तिचा नुसता गोंगाट होतो, कारण मोठ्या स्पीकरचा आवाजच मोकळ्या तारांना पुन्हा हलवत राहतो. सुरुवातीच्या पोकळ बांध्याऐवजी 1962 च्या सुमारास भरीव लाकडाचा बांधा आला, तरी तारांचे हे हलणे थांबले नाही.

खालचा नेक वाजवताना उजव्या हाताचा कोपराखालचा भाग वरच्या तारांवर येतो, आणि त्या बऱ्याच अंशी आपसूक दबतात. वरचा नेक वाजवताना ही सोय नसते, म्हणून काही वादक खालच्या नेकवर खुंट्यांच्या बाजूला कापडाची किंवा फोमची पट्टी बांधतात. मात्र पट्टी असेपर्यंत त्या नेकवर मोकळी तार नीट वाजत नाही, त्यामुळे एकाच गाण्यात दोन्ही नेक वापरणाऱ्याला ती गैरसोयीची ठरते आणि त्याला स्विचवरच भिस्त ठेवावी लागते.