खुलासा: पीपीआयचे पैसे मिळवायला दलाल लागतो?

पीपीआय म्हणजे आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर कर्जाचे हप्ते भरणारा विमा. तो चुकीच्या पद्धतीने विकला असेल तर पैसे परत मागता येत होते. त्याबद्दल ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींत हा समज अजून पक्का आहे: बँक सामान्य माणसाला दाद देत नाही, क्लेम कंपनी (फी घेऊन आपल्या वतीने दावा करणारी) गाठली तरच पैसे सुटतात. हे खरं नाही, आणि या समजापायी लोकांनी हक्काचे पैसे घालवले.

कर्जाच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या गळ्यात बांधलेला पीपीआय विमा चुकीच्या पद्धतीने विकला गेला असेल, तर तक्रार थेट बँकेकडे फुकट करता येत होती. बँकेने आठ आठवड्यांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर फायनान्शियल ओम्बड्समन, म्हणजे बँक आणि ग्राहक यांच्यातले वाद सोडवणारी स्वतंत्र संस्था. तिथेही ग्राहकाला फी नाही. कंपनीही याच दारांतून जायची. तिच्यासाठी वेगळी खिडकी नव्हती.

आता हिशोब बघा. 2018 मध्ये कंपन्यांच्या फीवर 20 टक्क्यांची मर्यादा आली, वर व्हॅट. म्हणजे 3,000 पौंड मिळाले तर 600 फी आणि 120 व्हॅट. 720 पौंड गेले! त्याआधी तर काही कंपन्या याहून जास्त घ्यायच्या.

पीपीआय तक्रारींची मुदत 29 ऑगस्ट 2019 ला संपली. पण कार फायनान्सच्या कमिशनबद्दल (गाडीसाठी कर्ज देणाऱ्यांनी विक्रेत्याला दिलेलं कमिशन) आता क्लेम कंपन्यांचे तसेच फोन येताहेत. तिथेही तक्रार स्वतः, फुकट करता येते. सही करण्याआधी फीचं कलम वाचाच.