स्थलांतर, संसार आणि मजुरी : एका अभ्यासक्षेत्राची नागपुरी पार्श्वभूमी

एखादी विद्यार्थिनी स्थलांतरित स्त्रिया, त्यांचं कुटुंब आणि त्यांचं काम हा विषय पीएच.डी.साठी घेते, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो विभागाचा. विषय समाजशास्त्राचा, अर्थशास्त्राचा, समाजकार्याचा की स्त्री अभ्यासाचा? नेमकं उत्तर देता येत नाही, कारण या गोष्टींचा एकत्र विचार करणारी विद्याशाखाच फार उशिरा उभी राहिली. स्थलांतर लोकसंख्याशास्त्राने घेतलं, मजुरी अर्थशास्त्राने, कुटुंब मानववंशशास्त्राने. ज्या बाईच्या आयुष्यात हे सगळं एकाच दिवसात घडत होतं, ती कुणाच्याच वाट्याला पूर्ण आली नाही.

बायका प्रवास करतात हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे घेऊन भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक हलतात, असं स्पष्ट लिहिलं. हे निरीक्षण पुढची कित्येक दशकं तसंच पडून राहिलं. स्थलांतरित म्हणजे कमावता पुरुष आणि बायको-मुलं त्याच्या मागून आलेली, हे गृहीतकच अभ्यासाचा पाया झालं.

आपल्या जनगणनेतही तेच झालं. आधी भर जन्मस्थळावर होता. मागच्या वास्तव्याचं ठिकाण विचारायला सुरुवात झाली १९७१ मध्ये आणि स्थलांतराचं कारण १९८१ मध्ये. कारण एकच नोंदवायचं असतं. नमुना सर्वेक्षणांतही तीच पद्धत. २०२०-२१ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित आहेत, पुरुष १०.७ टक्के, आणि या स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे आलेल्या. आकडा खोटा नाही. पण यवतमाळची मुलगी लग्न होऊन नागपुरात आली आणि दोन वर्षांनी महाविद्यालयात शिकवू लागली, तरी नोंद लग्नाची. छत्तीसगडची बाई नवऱ्याबरोबर आली आणि दुसऱ्याच दिवशी ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, रेजा (बांधकामावरची मजूर बाई) म्हणून उभी राहिली, तरी तीही लग्नामुळे किंवा कुटुंबाबरोबर आलेली. तिचं काम या रकान्यात मावतच नाही.

खुद्द नागपूरचा इतिहास मात्र या बाबतीत विलक्षण बोलका आहे.

इथे रेल्वे १८६७ साली पोचली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस जवळ होता, रेल्वे दाराशी होती आणि कातण्या-विणण्यात पिढ्या घालवलेली माणसं आसपासच होती. गिरणीच्या कापडाने खेड्यातल्या जाड्याभरड्या कापडाचा बाजार बसवला. ते विणणारे महार विणकर बेकार झाले आणि त्यांतलेच कितीतरी गिरणीत मजूर म्हणून आले. कुटुंबच्या कुटुंबं आली. सूत गुंडाळण्याच्या कामावर बायका असत. कोष्ट्यांच्या घरी माग पुरुषाच्या नावावर, पण कांडी भरण्यापासूनची तयारी बायकामुलांकडे. मागावर बसतो तो विणकर आणि घरातले बाकीचे मदतनीस, ही समजूत कागदावरही उतरली.

नागपूरजवळच्या कामठीची गोष्ट वेगळी. तिथे विडी होती. तेंदूची पानं आणि तंबाखू सट्टेदाराकडून, म्हणजे कंत्राटदाराकडून, घरी यायची आणि बायका चूल सांभाळत विड्या वळायच्या. काम घरातच असल्याने ती कामगार आहे हे मान्य करून घेणं हीच पहिली लढाई होती. आंबेडकरी नेते बाबू हरदास यांनी १९३०च्या दशकात विडी कामगारांची संघटना बांधली. विडी कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा यायला मात्र १९६६ उजाडलं.

याच कामठीच्या स्टेशनवर उमरेडच्या जाईबाई चौधरी हमाली करत. ओझी वाहणाऱ्या या मुलीला एका मिशनरी बाईंनी शिक्षणाकडे वळवलं, शिक्षिकेची नोकरी दिली. ती अस्पृश्य असल्याचं कळल्यावर पालकांनी मुली शाळेतून काढल्या आणि नोकरी गेली. जाईबाईंनी मग १९२२ मध्ये मुलींसाठी स्वतःची शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावाने. गाव सोडणं, ओझं वाहणं, जात, शिक्षण, नोकरी गमावणं आणि पुन्हा उभं राहणं हे एकाच आयुष्यात आहे. कुठल्याही एका विद्याशाखेच्या चौकटीतून हे आयुष्य अर्धंच दिसेल.

कायद्याच्या बाजूनेही हा भाग पुढे होता. प्रसूतिलाभाचा कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला. १९२८ मध्ये त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. लगोलग १९३० मध्ये मध्य प्रांतानेही, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या प्रांताने, असाच कायदा केला. बाळंतपण हा घराचा खासगी मामला नसून कामाच्या अटींचा भाग आहे, हे सरकारी कागदावर आलं.

पण सगळ्यात मोठी घटना १९४२ ची. त्या जुलैमध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. आंबेडकर उपस्थित होते. या बायकांनी केलेले ठराव आजही एकेक करून वाचावेत असे आहेत. घटस्फोटाचा हक्क हवा. बहुपत्नीत्वाला आळा हवा. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथे राबणाऱ्या स्त्रियांना रजा हवी, इजा झाली तर भरपाई हवी, म्हातारपणी पेन्शन हवं. मुलींच्या शिक्षणासाठी वसतिगृहं हवीत. एकाच मंडपात, एकाच दमात. नवरा, मालक आणि मास्तर यांच्याशी असलेलं भांडण त्यांनी तीन खात्यांत वाटलं नाही. विद्यापीठांना हे जमायला पुढे चाळीसेक वर्षं लागली, असं माझं ठाम मत आहे. आणि या विषयाच्या अभ्यासक्रमाची सुरुवात या ठरावांपासून व्हायला हवी असंही.

हा इतिहास ग्रंथांत आला तोही विद्यापीठांच्या बाहेरून. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन लिहिलेलं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. आजचे संशोधक मौखिक इतिहासाच्या पद्धतीबद्दल इतकं बोलतात, त्याचं मराठीतलं हे भक्कम उदाहरण.

विद्यापीठीय प्रवाह तोवर वेगळ्या वाटेने येत होता. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांची मांडणी केली. उत्तरेत मुलगी गावाबाहेर, अनोळखी घरात दिली जाते. दक्षिणेत नात्यात लग्नं होतात. महाराष्ट्र दोहोंच्या सीमेवर. लग्नामुळे होणारं स्थलांतर प्रदेशागणिक का बदलतं, याची किल्ली इथे आहे, पण त्या मांडणीचा रोख मजुरीकडे नव्हता. मजुरीकडे लक्ष वेधलं ते अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी, १९७० मध्ये: शेतीतलं स्त्रियांचं काम विकासाच्या हिशेबात धरलंच जात नाही, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे १९७४ मध्ये स्त्रियांच्या स्थितीविषयक समितीचा अहवाल आला आणि घटनेने दिलेली समानता प्रत्यक्षात किती दूर आहे ते दिसलं. समितीच्या सदस्य-सचिव वीणा मजुमदार यांच्या पुढाकारातून १९८० मध्ये दिल्लीत स्त्रीविकासाच्या अभ्यासाचं केंद्र निघालं. मुंबईत नीरा देसाईंनी एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ पासूनच स्त्री अभ्यासाचं काम सुरू केलं होतं. १९८४ मध्ये समाजशास्त्रज्ञ मिर्याना मोरोक्वाशिच यांनी युरोपातल्या स्थलांतरित स्त्रियांवर लिहिताना, त्या कुणाच्या मागून आलेल्या नाहीत, त्या स्वतः कामगार आहेत, हे ठणकावून सांगितलं.

मग घरकामाकडे नजर वळली. श्रीमंत घरातली बाई नोकरीला जाते, तिचं घर गरीब बाई सांभाळते आणि त्या गरीब बाईची मुलं गावात आजीकडे राहतात. समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉकशील्ड यांनी २००० साली या साखळीवर लिहिलं. नागपूरकरांना ती ओळखीचीच वाटेल. धरमपेठ-रामदासपेठेत सकाळी धुण्याभांड्यांसाठी येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींची घरं कोसभर दूरच्या वस्त्यांत असतात. विदर्भ मोलकरीण संघटनेने डॉ. रूपा कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या बायकांना एकत्र आणलं. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. आणि स्वतःच्या घरातलं काम? २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात स्त्रिया बिनमोलाच्या घरकामाला दिवसाला २९९ मिनिटं देतात असं निघालं, पुरुष ९७ मिनिटं. तीही घरकाम करणाऱ्यांपुरती सरासरी.

जोडीने होणारं स्थलांतर हा याच अभ्यासातला कळीचा भाग. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक नग, उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती. वीटभट्टीवरही पैसे जोडीने पाडलेल्या विटांच्या हजारावर. बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, म्हणून तिच्या मजुरीचा प्रश्नही वेगळा उभा राहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-कोलकाता आणि उत्तर-दक्षिण महामार्ग मिळतात त्या नागपुरातून माणसांचे लोंढे पायी गेले, तेव्हा कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकं घेतलेल्या बायका सगळ्या देशाने पाहिल्या. त्यांतल्या किती जणी मजूर म्हणून कुठे नोंदलेल्या होत्या?

हा विषय करिअर म्हणून निवडणाऱ्या मुलीची वाटही सोपी नाही. स्त्री अभ्यास केंद्रांचं अनुदान पंचवार्षिक योजनांवर चालत आलं, २०१७ मध्ये योजनाकाळ संपताना अनेक केंद्रांत पुढच्या वर्षी पगार होणार की नाही हीच चिंता होती. चांगल्या गोष्टीही घडल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा दिली. लग्न होऊन गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोयही त्यात होती. ज्या प्रश्नांवर या मुली प्रबंध लिहितात, तेच नियमावलीत आले.

आता पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेला धरून होते आहे, तीही डिजिटल. छापील तक्त्यातली जागेची अडचण उरलेली नाही. स्थलांतराची दोन कारणं नोंदवू द्या आणि आल्यानंतर वर्षभरात बाईने कोणतं काम धरलं तेही विचारा, ही मागणी या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी लावून धरायला हवी.