'किरिबाटी' नव्हे, 'किरिबास'

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आणि बातम्यांत प्रशांत महासागरातल्या एका देशाचं नाव सर्रास 'किरिबाटी' असं छापतात. हे तिथलं इंग्रजांच्या आधीचं प्राचीन नाव आहे, असाही समज आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

हा शब्द म्हणजे चक्क 'गिल्बर्ट्स'! १७८८ मध्ये थॉमस गिल्बर्ट हा इंग्रज कप्तान या बेटांजवळून गेला आणि पुढे बेटांना त्याचंच नाव मिळालं. तिथल्या लोकांनी ते आपल्या जिभेवर घोळवलं, जसं आपल्या खेड्यांत 'स्टेशन'चं 'ठेसन' झालं. 'ग'चा 'क' झाला, 'ल'चा 'र', आणि जोडाक्षर फोडून मध्ये स्वर आला. त्यांच्या रोमन वर्णमालेत 'एस' हे अक्षरच नाही. 'टी'नंतर 'आय' आला की 'स' वाचायचं. म्हणून 'किरिबास'. इंग्रजीतही हाच उच्चार योग्य मानतात.

याच देशातल्या 'किरिटिमाटी' बेटाचं नाव या नियमाने वाचून बघा: किरिसमास, म्हणजे ख्रिसमस! कॅप्टन कुक तिथे १७७७ च्या नाताळात पोचला होता.

गिल्बर्ट बेटांचं जुनं देशी नाव 'तुंगारू'. १२ जुलै १९७९ रोजी स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा ते देशाला दिलं नाही, कारण याच देशातली फिनिक्स आणि लाइन ही बेटं 'तुंगारू'त येत नाहीत. मला वाटतं, निदान मराठी पाठ्यपुस्तकांनी तरी आता 'किरिबास' छापावं.