सरकारी कार्यालयांच्या सायबर धोक्याची तुलना : पार्श्वभूमी

नाशिकरोडला पारपत्रे छापणारे भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलनी नोटांचा छापखाना आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे आणि शहरात घरपट्टी-पाणीपट्टी ऑनलाइन भरून घेणारी महापालिका आहे. यांपैकी सायबर हल्ल्याचा धोका कोणाला अधिक, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

सरकारी खात्यांना सुरक्षेचे गुण देण्याचा गाजलेला प्रयोग अमेरिकेतला. सप्टेंबर २००० मध्ये तेथील प्रतिनिधिगृहात स्टीफन हॉर्न यांच्या उपसमितीने खात्यांना शाळेसारखे प्रगतिपुस्तक दिले आणि सरकारच्या पदरात एकूण ‘डी उणे’ श्रेणी पडली. २००२ च्या कायद्याने दरवर्षीची स्वतंत्र तपासणी बंधनकारक झाली. पण तपासणीचे कागद पुरे करणे आणि यंत्रणा सुरक्षित करणे यांतले अंतर २०१५ साली उघड झाले. त्या वर्षी संघराज्याच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर झाले. वैध मंजुरी नसलेल्या यंत्रणा बंद करण्याचा विचार करावा, असे त्याच कार्यालयाच्या महानिरीक्षकांनी (स्वतंत्र तपासणी अधिकाऱ्यांनी) काही महिने आधी सुचवले होते. दुबळेपणा कागदावर नोंदलेला होता, इतकेच.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला, सायबर घटनांची दखल घेणारी राष्ट्रीय संस्था ‘सर्ट-इन’ २००४ मध्ये सुरू झाली आणि अतिमहत्त्वाच्या यंत्रणांसाठी वेगळे राष्ट्रीय केंद्र २०१४ मध्ये स्थापन झाले. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना ‘सर्ट-इन’ला ६ तासांत कळवणे आणि १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) जपणे सक्तीचे केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर खंडणीच्या हल्ल्यात बंद पडले आणि केसपेपर हाताने लिहिण्याची पाळी आली.

सक्तीने नोंदी वाढतात, पण त्यामुळे तुलना सोपी होत नाही, कारण जे कार्यालय प्रामाणिकपणे प्रत्येक घटना कळवते तेच यादीत सर्वांत वाईट दिसते आणि ज्याला घुसखोरीचा पत्ताच लागलेला नाही ते स्वच्छ ठरते. बाहेरून संकेतस्थळे तपासून गुण देण्याच्या पद्धतीतही तोच दोष आहे : नागरिकांसाठी अनेक सेवा खुल्या ठेवणारी महापालिका उघडी दिसते, तर ज्या कारखान्याचे अंतर्गत जाळे इंटरनेटपासून वेगळे ठेवलेले असेल तो दिसतच नाही. शिवाय घरपट्टीची पावती आणि पारपत्रधारकाची माहिती यांची किंमत एका तराजूत तोलता येत नाही.

जबाबदारीही विभागलेली आहे. दोन्ही मुद्रणालये अर्थ मंत्रालयाच्या महामंडळाकडे, ओझरचा कारखाना संरक्षण मंत्रालयाच्या कंपनीकडे आणि महापालिका राज्याच्या नगरविकास विभागाकडे. म्हणून एकाच शहरातल्या कार्यालयांची क्रमवारी लावण्यापेक्षा नाशिकच्या नोट छापखान्याची देवासच्या छापखान्याशी, प्रतिभूती मुद्रणालयाची हैदराबादच्या मुद्रणालयाशी आणि महापालिकेची तिच्याच आकाराच्या दुसऱ्या महापालिकेशी जुळणी करणे अधिक अर्थपूर्ण ठरते.