आगाऊ बँडविड्थ आरक्षण : प्रकाशीय जाळ्यांतील मार्गनिर्धारण

प्रकाशतंतूंच्या जाळ्यात पुढील एखाद्या मुदतीसाठी लागणारी बँडविड्थ आधीच राखून ठेवणे आणि त्या मुदतीत मोकळा असणारा मार्ग शोधणे. मोठ्या प्रयोगांची विदा हलविण्यासाठी ही पद्धत वापरतात. अमेरिकेतील ईएसनेट या संशोधन-जाळ्याची ऑस्कर्स ही आरक्षण-प्रणाली हे तिचे ठळक उदाहरण होय.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. काहीजण ती दूरध्वनी-वाहिन्या आधी नोंदविण्याच्या जुन्या प्रथेपर्यंत मागे नेतात, तर काही तिचा आरंभ 1995 च्या सुमारास दृक्‌श्राव्य परिषदांसाठी झालेल्या संशोधनात धरतात. त्या लेखनाचा भर मुख्यतः मागणी स्वीकारावी की नाकारावी यावर होता. म्हणून मार्गनिर्धारणापुरता रॉक गेरँ व एरियल ओर्दा यांचा 2000 मधील निबंध हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तरंगलांबीचा (तंतूत कोणत्या रंगाचा प्रकाश वापरायचा याचा) प्रश्न त्याला जोडण्याचे काम झेंग व मूफ्ताह यांनी 2002 मध्ये केले.

अडचण कोठे येते हे नागपूरच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. येथे मुंबई–हावडा व दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग एकमेकांना छेदतात आणि रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचे (स्थापना 2000) तंतू लोहमार्गांलगत टाकलेले असतात. समजा, नागपूरच्या एका संशोधन संस्थेला 10 टेराबाइट विदा मुंबईला पाठवायची आहे. सेकंदाला 10 गिगाबिट दराने तिला सु. 2 तास 13 मिनिटे लागतील. आरंभवेळ ठरलेली असेल तर काम सोपे आहे : त्या मुदतीत कोणत्याही क्षणी अपुरे पडणारे दुवे (दोन ठिकाणांना जोडणारे तंतू) वगळावेत आणि उरलेल्या आलेखावर (ठिकाणे व दुवे यांच्या आकृतीवर) डाइक्स्ट्रा यांच्या रीतीने (1959) लघुतम मार्ग काढावा.

‘रात्री 11 नंतर लवकरात लवकर’ अशी मागणी आली की मात्र ही रीत फसते. नागपूर–भुसावळ हा थेट दुवा 11 ते 1:30 एवढाच मोकळा आहे. इटारसीवरून भुसावळ गाठणारा मार्ग आणि भुसावळ–मुंबई दुवा हे दोन्ही 1 नंतर मोकळे होतात, असे धरू. डाइक्स्ट्रा-रीत भुसावळसाठी 11 ही लवकरची वेळ ठेवते व इटारसीचा मार्ग टाकून देते. प्रकाशाला भुसावळला थांबवून ठेवता येत नाही. सर्व दुवे एकाच वेळी हवेत. त्यामुळे टाकून दिलेला मार्गच खरा उपयोगी होता. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोडवर (जाळ्यातील ठिकाणावर) एका वेळेऐवजी शक्य आरंभवेळांचे सर्व पट्टे जपणे : दुवा ओलांडताना पट्ट्यांचा छेद (सामाईक भाग) घ्यायचा, नोडवर मार्ग मिळाले की संयोग (सर्व पट्टे एकत्र). हा बेलमन–फोर्ड या लघुतम मार्ग काढण्याच्या दुसऱ्या रीतीचाच विस्तार आहे.

काही संशोधक काळाचे समान खंड पाडतात. हिशेब त्यामुळे सुटसुटीत होतो, पण तासाचे खंड घेतल्यास वरील मागणीला 3 तास द्यावे लागतात आणि 47 मिनिटे वाया जातात. अखंड काळाची मांडणी किचकट असली तरी या कामासाठी तीच योग्य ठरते.

तरंगलांबी-परिवर्तक (वाटेत तरंगलांबी बदलणारे उपकरण) नसल्यास संपूर्ण मार्गावर एकच तरंगलांबी राखावी लागते. त्यासाठी प्रत्येक तरंगलांबीचा स्वतंत्र स्तर असलेला आलेख रचतात. एका मागणीपुरते हे पुरते. अनेक मागण्या एकत्र घेतल्या की प्रश्न एनपी-पूर्ण होतो, म्हणजे तो नेमका व झटपट सोडविणारी रीत ज्ञात नाही. काळाचा विचार न करताही तो तसाच आहे, हे क्लामटाक, गान्झ व कार्मी यांनी 1992 मध्ये दाखविले. म्हणून व्यवहारात अनुमानी (पुरेसे चांगले, पण सर्वोत्तम असेलच असे नाही असे उत्तर देणाऱ्या) रीतींवरच भिस्त असते.

वारंवारतेच्या 12.5 गिगाहर्ट्‌झ रुंदीच्या खाचा (छोटे तुकडे) गरजेप्रमाणे जोडून बनणाऱ्या लवचिक जाळ्यांत या खाचा सलग मिळणेही आवश्यक असते.