घरात दगडी प्रवाळ आहे? खान्देशात अर्ज कुठे, कागद कोणते

समुद्री टाकीत जिवंत दगडी प्रवाळ ठेवण्यासाठी हौशी माणसाला परवाना मिळत नाही. 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे वाघाच्याच यादीत आहेत. वाळलेला पांढरा सांगाडाही त्यातच धरतात. देवघरात टांगलेलं ‘इंद्रजाल’ बहुतेक वेळा समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं, त्यालाही हेच लागू. शिक्षा किमान 3 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. दुकानदाराच्या बिलाने मालकी सिद्ध होत नाही.

अशी वस्तू हाती आली तर 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं (कलम 39). जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनी आपल्या उपवनसंरक्षक कार्यालयात साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज द्यावा: नाव, पत्ता, वस्तू कुठून व कधी आली, लांबी-रुंदी, वजन. सोबत आधारची प्रत, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो, असेल तर बिल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय निघू नका. मुदत उलटून गेली असेल तर आधी वकिलाला विचारा. उशिरा कळवल्याने गुन्हा आपोआप मिटत नाही.

प्रवाळ जिवंत असेल तर ताबा जाईपर्यंत टाकी चालू ठेवा: क्षारता (पाण्यातलं मीठ) दर हजार भागांत 35 च्या आसपास, पाणी 24 ते 27 अंश. मे महिन्यात जळगावात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) हे जमत नाही. पाणी तापलं की प्रवाळातली शैवालं बाहेर पडतात आणि ते पांढरं पडतं. घाबरून तापीत सोडणं तर सर्वांत वाईट, गोड्या पाण्यात ते तगत नाही.

जुन्या वस्तूंचं वेगळं. आधीपासून घरात असलेल्या वस्तू जाहीर करण्यासाठी 2003 मध्ये 180 दिवसांची मुदत होती. तेव्हा मालकी प्रमाणपत्र घेतलं असेल तर ते जपा. अशी वस्तू विकता येत नाही. वारसाने आली तर 90 दिवसांत पुन्हा जाहीर करावी लागते, त्यासाठी मृत्यू दाखला आणि मूळ प्रमाणपत्र लागेल.

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र कपाटांत फंजिया (दगडी प्रवाळ), गॉर्गोनिया (समुद्रपंखा) यांचे नमुने हमखास सापडतात. डेडस्टॉक रजिस्टरमधली (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतली) नोंद आणि खरेदीचं वर्ष आजच शोधून ठेवा. शिक्षण वा संशोधनासाठी नवा नमुना हवा असेल तर कलम 12 खाली नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो, आणि अनुसूची 1 साठी केंद्राची पूर्वसंमती. प्रजाती, संख्या आणि कारण मोघम लिहिलं तर अर्ज तिथेच अडतो.