पान बदललं, पण ब्राउझरच्या लेखी नाही

वेबसाइटचं कोणतं पान किती वेळा पाहिलं गेलं, हे मोजणं एकेकाळी सरळ काम होतं. लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर सर्व्हरकडे नवं पान मागायचा आणि पानातली मोजणीची छोटी स्क्रिप्ट दर वेळी नव्याने चालायची. एक पान, एक नोंद.

सिंगल पेज ॲप्लिकेशनमध्ये हा हिशोब चुकतो. इथे ब्राउझर पान एकदाच उघडतो. पुढे तुम्ही यादीतून तपशिलात जा किंवा प्रोफाइल उघडा, जावास्क्रिप्ट लागेल तेवढा डेटा मागवते आणि त्याच पानातला मजकूर बदलते. मोजणीची स्क्रिप्ट केव्हाच चालून गेलेली असते. दहा स्क्रीन पाहिले तरी नोंद एकच.

मग वरचा पत्ता कसा बदलतो? ते काम ब्राउझरच्या हिस्टरी एपीआयमधल्या, म्हणजे पाहिलेल्या पत्त्यांचा इतिहास कोडमधून हाताळण्याच्या सोयीतल्या, ‘पुशस्टेट’चं. पान पुन्हा न उघडता ते इतिहासात नवा पत्ता जोडतं. खरी मेख इथेच आहे. बॅक बटण दाबलं की ब्राउझर ‘पॉपस्टेट’ इव्हेंट, म्हणजे कोडला तशी सूचना, पाठवतो, पण पुशस्टेटने पत्ता बदलला तर पाठवत नाही. त्यामुळे नुसत्या पॉपस्टेटवर कान ठेवणारा कोड मागे येणारे मोजतो, पुढे जाणारे त्याच्या हातून निसटतात. म्हणून मोजणीची अनेक साधनं मूळ पुशस्टेटवर स्वतःचं आवरण चढवतात, म्हणजे ते चाललं की त्यांनाही कळतं. गूगल ॲनालिटिक्स ४ या गूगलच्या मोजणीच्या साधनातही हिस्टरीतल्या बदलांवरून पेज व्ह्यू (पान किती वेळा पाहिलं) मोजण्याची सोय आहे.

पण पत्ता बदलला म्हणजे पान बदललं, असं थोडंच असतं! मी काम केलेल्या एका ॲपमध्ये शोधाच्या पानाचे आकडे एकदम फुगले. शोधशब्द टाइप होताना पत्ताही ‘रिप्लेसस्टेट’ने (हे नवा पत्ता जोडण्याऐवजी आहे तोच बदलतं) बदलत होता: प, पा, पाऊ, पाऊस. माणसाने एकदाच शोधलं, नोंदी झाल्या चार. तेव्हापासून मी आपोआप मोजणी बंद ठेवतो आणि राउटरकडून (कोणत्या पत्त्याला कोणता स्क्रीन दाखवायचा हे ठरवणाऱ्या ॲपमधल्या कोडकडून) पाथ, म्हणजे पत्त्यातला पानाचा मार्ग, बदलल्याची खबर आली तरच नोंद पाठवतो. कोणत्या बदलाला ‘पान’ म्हणायचं हे ॲप बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते साधनावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

नोंद पाठवण्याची वेळही सांभाळावी लागते. पत्ता आधी बदलतो, शीर्षक नंतर. मधल्या क्षणी नोंद गेली तर नव्या पत्त्याला जुनं शीर्षक चिकटतं, आणि अहवालात प्रत्येक पान शेजारच्याच्या नावाने दिसतं. शिवाय आधीच्या पानाचा पत्ता सांगणारं ‘डॉक्युमेंट डॉट रेफरर’ पहिल्या लोडनंतर बदलत नाही, त्यामुळे आधीचा स्क्रीन कोणता होता हे आपणच लक्षात ठेवून पाठवायचं.

तपासायला ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब पुरतो; पानातून बाहेर जाणारी प्रत्येक नोंद तिथे दिसते. ॲप रिफ्रेश करा: एकच नोंद गेली पाहिजे. दोन गेल्या, तर स्क्रिप्ट आणि राउटर दोघेही पहिलं पान मोजताहेत. मग एका लिंकवर क्लिक करा, बॅक दाबा, आणि दर वेळी नोंदीतला पत्ता आणि शीर्षक जुळतंय का ते पाहा.